मदत हवी आहे: बॉम्बस्फोटाचं मॉक ड्रिल, हॉस्पिटलच्या गेटवर नक्की काय करायचं?

नमस्कार मंडळी, मी तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला ब्रदर आहे. पुढच्या महिन्यात बॉम्बस्फोटाचं मॉक ड्रिल आहे आणि प्लॅन लिहायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलंय. जुन्या फाईलमध्ये आग आणि पूर एवढंच, शेवटी फोन नंबरांची यादी, त्यातले निम्मे रिटायर झालेत. एनडीएमएची (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) २००७ ची मास कॅज्युअल्टीची, म्हणजे एकदम खूप जखमी आल्यावर काय करायचं याची गाईडलाईन वाचतोय, पण आमच्याकडे रात्री एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय), त्यात ते बसवायचं कसं!

ट्रायजचं, म्हणजे कोण किती गंभीर ते बघून जखमींना रंग द्यायचं, मी बघेन, लाल पिवळा हिरवा काळा, चालणाऱ्यांना आधी बाजूला काढायचं, ते ट्रेनिंग झालंय. अडलंय गेटवर. २६ जुलै २००८ ला अहमदाबादला आधी शहरात स्फोट झाले आणि जखमी आणायला सुरुवात झाल्यावर सिव्हिल हॉस्पिटलच्या ट्रॉमा सेंटरपाशीच स्फोट झाला, मदतीला आलेले लोक, डॉक्टरसुद्धा गेले त्यात. मग येणारी प्रत्येक गाडी तपासायची का? तपासत बसलो तर आतला माणूस रक्त जाऊनच मरेल. आणि गाड्या म्हणजे ॲम्ब्युलन्सच नाही, ११ जुलै २००६ ला मुंबईत लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले तेव्हा लोकांनीच मिळेल त्या गाडीत घालून कितीतरी जखमी पोचवले. कोणी प्रत्यक्ष केलंय का हे?

जुना_फायरमन: गाडी तपासूच नका, आत घेऊ नका म्हणजे झालं. गेटबाहेरच पेशंट उतरवा, ट्रॉलीवर घ्या, गाडी लगेच पुढे काढा, पोर्चमध्ये एकही उभी राहता कामा नये. पेशंटच्या बॅगा, पिशव्या बाहेरच, आणि बेवारस काही दिसलं तर हात लावायचा नाही, माणसं लांब करायची आणि पोलिसांच्या बीडीडीएसला (बॉम्ब शोधक-नाशक पथक) कळवायचं. त्यांना आत्ताच पत्र द्या, ड्रिलला बोलवा.

सर्जरीवाला: वरच्यांशी सहमत. ट्रायज कॅज्युअल्टीच्या आत करू नका, दारातच करा आणि तिथे सगळ्यात अनुभवी माणूस उभा करा, त्याने फक्त रंग ठरवायचा आणि वाहतं रक्त थांबवायचं, टाके घालत बसायचं नाही. हातापायातून धार लागली असेल तर टूर्निके (जखमेच्या वर आवळायचा पट्टा), बांधल्याची वेळ मार्करने तिथेच लिहा. केसपेपर नंतर, नंबर टाकलेले टॅग आधीच बांधून ठेवा. आणि २६/११ ला अतिरेकी कामा हॉस्पिटलात शिरले तेव्हा सिस्टरांनी वॉर्डची दारं लावून दिवे बंद केले होते, तेव्हा दार कोण लावणार आणि किल्ली कुणाकडे, तेही प्लॅनमध्ये घ्या. हे कोणी लिहीत नाही.

धागाकर्ता: खूप आभार. पण आमचं गेट रस्त्यालाच लागून, समोर एसटी स्टँड, ट्रॉल्या चारच. गाडी थांबली की मागे रांग लागणार.

जुना_फायरमन: मग सगळ्यांना गेटवर उतरवूच नका. जवळ शाळेचं मैदान आहे का? चालते जखमी आणि नातेवाईक सरळ तिकडे वळवा, एक सिस्टर आणि होमगार्ड तिथे. गेटवर फक्त आडवे पेशंट येतील. ट्रॉल्या कमी असतील तर साधी कापडी स्ट्रेचर घ्या, भिंतीला टेकवून ठेवता येतात. आणि ड्रिल सकाळी अकराला घेऊ नका हो, रात्री घ्या, त्या एका मामावरच.

धागाकर्ता: शाळा आहे, मागच्या बाजूला. हेडमास्तरांना उद्या भेटतो. रात्रीचं सरांना कसं पटवायचं तेवढं सांगा कोणीतरी.