हार्वे: ह्यूस्टन रिकामं न करण्याचा निर्णय बरोबर होता का?

केटीकर
परवा जेवणावर हा विषय निघाला आणि पुन्हा वाद झाला, म्हणून धागा काढतोय.

ऑगस्ट २०१७. हार्वे चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रात विरून गेलं होतं. युकातान ओलांडून मेक्सिकोच्या आखातातल्या गरम पाण्यावर ते पुन्हा उठलं आणि दोन दिवसांत पाचपैकी चौथ्या श्रेणीला पोचलं. २५ तारखेच्या रात्री रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आदळलं, वारा ताशी सुमारे २१५ किलोमीटर. ह्यूस्टन तिथून दीडशे मैलांवर. पण वादळाला पुढे नेणारे वारेच उरले नाहीत. ते घुटमळलं, परत समुद्रात उतरलं आणि ३० तारखेला लुइझियानात पुन्हा किनाऱ्याला लागलं. मधले चार दिवस आमच्यावर कोसळत होतं. टेक्सासमधल्याच नेदरलंड नावाच्या गावाला ६०.५८ इंच पाऊस झाला, म्हणजे दीड हजार मिलिमीटरच्या वर.

टेक्सासचे गव्हर्नर ॲबट म्हणत होते, बाहेर पडायचा विचार करा. ह्यूस्टनचे महापौर टर्नर म्हणत होते, घरीच थांबा. राष्ट्रीय हरिकेन केंद्र तर वादळ यायच्या आधीच काही ठिकाणी ३५ इंचांपर्यंत पाऊस सांगत होतं. माझ्या मते निर्णय चुकला.

बायूकाठची
अजिबात पटलं नाही. २००५ साली रीटा वादळाच्या वेळी शहर सोडून निघालेल्या गाड्यांच्या रांगेत मी होते. गाडीत दोन वर्षांचा मुलगा, बाहेर शंभर फॅरनहाइटच्या आसपास ऊन, आणि पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद. तासाला दोन-तीन मैल गाडी सरकायची. ओला टॉवेल त्याच्या डोक्यावर धरून बसले होते, तो वाळला की पुन्हा भिजवायचा, आणि प्यायचं पाणी संपत आलेलं. पंचवीस लाखांहून जास्त माणसं रस्त्यावर होती. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या बसला आग लागून २३ जण गेले. त्या पळापळीत सगळे मिळून शंभरावर मेले, आणि रीटा शेवटी पूर्वेला लुइझियानाच्या हद्दीकडे वळली. पुन्हा तेच करायचं होतं का?

पाऊसवेडा
ताईंशी सहमत. हार्वेत टेक्सासमध्ये थेट वादळाने ६८ माणसं गेली, त्यातली ६५ पावसाच्या पुरात. प्रत्येक जीव मोलाचाच आहे. पण हाच पूर लाखो गाड्या सखल रस्त्यांवर उभ्या असताना आला असता तर काय झालं असतं? मी मुंबईचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा गाडीच्या काचा न उघडल्यामुळे आत गुदमरून माणसं गेली. वाऱ्यापासून लपायचं आणि पाण्यापासून पळायचं हे खरं, पण पाणी चहूकडून येतं तेव्हा पळणार कुठे?

केटीकर
ताई, तुमचा अनुभव वाचून मन हललं. माझं म्हणणं नीट मांडतो. अख्खं शहर हलवायला नको होतं. पण ॲडिक्स आणि बार्कर या दोन धरणांच्या पोटातली घरं?

बाहेरच्यांना कल्पना नसेल म्हणून सांगतो. ही धरणं एरवी कोरडी असतात. आत झाडी, सायकलचे रस्ते, मैदानं. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर ह्यूस्टनचा मध्यभाग वाचवायला ती बांधली. पाणी पूर्ण चढलं तर जिथवर पोचेल ती सगळी जमीन सरकारने घेतलीच नव्हती. उरलेल्या जागेवर पुढे वसाहती उभ्या राहिल्या. तिथे पाऊस थांबल्यावरही पाणी चढतच होतं. ते पाणी ओसरल्यावर आम्ही मंडळाची दहा-बारा माणसं तिथे साफसफाईला गेलो. एका घरात फ्रीज आडवा होऊन ओट्यावर टेकला होता. देवघरातला मखमली आसनाचा तुकडा भिंतीला चिकटून वाळला होता, पाण्याच्या रेघेच्या बरोब्बर वर. शीटरॉक (भिंतींचे जिप्समचे पत्रे) छातीइतक्या उंचीपर्यंत कापून काढावं लागलं.

या लोकांना तीन दिवस आधी निघा म्हणता आलं असतं. थोडीच घरं होती, रस्ता तुंबला नसता.

नकाशावाला
फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या मंजूर नकाशांवर स्पष्ट लिहिलेलं आहे की ही जागा बार्कर जलाशयालगत असून इथे नियंत्रितपणे, दीर्घकाळ पाणी साचू शकतं. माहिती लपवलेली नव्हती. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करताना नकाशा बघायला नको?

केटीकर
बारीक अक्षरातली एक ओळ! घर घेताना शंभर पानांवर सह्या होतात. ज्या घरात आम्ही चिखल उपसला त्या काकांना ती ओळ कुणीच दाखवली नव्हती. पूरविमाही नव्हता, कारण तो घ्यायलाच हवा अशा पट्ट्यात ते घर धरलेलं नव्हतं. आणि डिसेंबर २०१९ मध्ये फेडरल न्यायालयानेही धरणाच्या वरच्या बाजूच्या घरमालकांच्या बाजूनेच निकाल दिला: सरकारने त्यांच्या जमिनीवर पाणी साठवलं, म्हणून सरकार जबाबदार.

बायूकाठची
धरणातल्या घरांबद्दल तुमचं मान्य. पण खालच्या बाजूचं काय? २८ च्या पहाटे धरणांचे दरवाजे उघडले आणि बफेलो बायू या शहरातून वाहणाऱ्या संथ ओढ्याकाठच्या, तोवर कोरड्या असलेल्या घरांत पाणी शिरलं. आणि ह्यूस्टनमधल्याच मायरलंड वस्तीला २०१५, २०१६, २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं पाणी. त्यांना कुठल्या यादीत घालणार? "थोडीच घरं" म्हणता म्हणता ती यादी अर्ध्या ह्यूस्टनएवढी होते, आणि मग आम्ही परत त्याच रांगेत.

केटीकर
मायरलंडचं उत्तर माझ्याकडे नाही, ताई. बायूकाठच्यांना मात्र दरवाजे उघडायच्या आदल्या दुपारी, उजेड असताना सांगायला हवं होतं.