‘प्लाय’ला ‘चाल’ म्हणावे का?

विचारणा : बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांविषयी मराठीत लेख लिहिताना मी ‘प्लाय’ या संज्ञेपाशी अडलो आहे. एका बाजूने एकदा मोहरा हलवला की एक प्लाय होतो. आपण मात्र ‘चाल’ म्हणतो तेव्हा कधी एकाच खेळाडूचे खेळणे अभिप्रेत असते, तर कधी पांढरा व काळा मिळून एक क्रमांक. तरीही ‘चाल’ लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद १ : चालणार नाही, आणि ते आकड्यांतच दिसते. नियमांत बसणाऱ्या चाली शोधणारा भाग बिनचूक आहे ना, हे पडताळण्यासाठी प्रोग्रामर सुरुवातीच्या मांडणीपासूनचे सर्व संभाव्य क्रम मोजतात : एका प्लायला २०, दोनला ४००, तीनला ८,९०२. ‘तीन चालींनंतर ८,९०२’ असे छापले आणि वाचकाने वर्तमानपत्रातल्या डावाप्रमाणे चाली मोजल्या, तर ते सहा प्लाय होतात व उत्तर येते ११,९०,६०,३२४. १९९७ साली डीप ब्लू या आयबीएमच्या संगणकाविरुद्धच्या सहाव्या डावात जगज्जेत्या कास्पारॉव्हने १९व्या चालीला हार मानली, असे आपण सहज लिहितो. पण १९वी चाल पांढऱ्याची, म्हणजे डीप ब्लूची होती आणि काळ्याने ती खेळलीच नाही, त्यामुळे तो डाव ३७ प्लायचा ठरतो. मी ‘अर्धचाल’ सुचवतो.

प्रतिसाद २ : ‘अर्धचाल’ हिशेबाला बरोबर आहे, पण वाचताना मोहरा उचलून हातातच धरल्यासारखे वाटते. घोडा पुरती अडीच घरे जाऊन बसला, तरी त्याची चाल अर्धीच कशी? मूळ इंग्रजी शब्द घडीचा किंवा थराचा, प्लायवूडमधला तोच. संगणकशास्त्रज्ञ आर्थर सॅम्युअल यांनी चेकर्स या पटावरच्या खेळाविषयीच्या १९५९ च्या लेखात तो या अर्थाने वापरला. त्याला आपला ‘पदर’ जवळचा आहे, कारण कापडाची चारपदरी घडी आपण म्हणतोच. परंतु चौपदरी रस्त्याचे पदर शेजारीशेजारी असतात आणि येथे तर शक्यतांच्या वृक्षाच्या पातळ्या एकाखाली एक मोजायच्या आहेत. म्हणून ‘थर’ घ्यावा आणि ‘सहा थर खोल शोध’ असे लिहावे. दहीहंडीचे थर वर चढतात, हे खाली उतरतात, एवढाच फरक. दर थराला खेळणारी बाजू बदलते, हे व्याख्येत एकदा सांगितले की पुरे.

विचारणाकर्ता : शोधाच्या खोलीसाठी ‘थर’ पटला. मात्र प्रत्यक्ष खेळला गेलेला डाव ‘३७ थरांचा’ म्हणवत नाही. तेथे मी ‘खेळी’ घेतो आणि ‘चाल’ केवळ क्रमांकापुरती ठेवतो. ‘खेळी’ म्हटले की फलंदाजाची शतकी खेळी आठवते हे खरे, पण पटावर तो घोळ होऊ नये. मसुद्यातले वाक्य आता असे आहे : ‘पहिल्या तीन खेळींचे, म्हणजे तीन थरांपर्यंतचे, ८,९०२ क्रम संभवतात.’