पीएस-३ वरच्या लिनक्सला डिस्क ड्राइव्ह दिसत नाही

ऐरोलीकर: पीएस-३ (प्लेस्टेशन ३) च्या अदरओएसवर, म्हणजे त्यावर लिनक्स चालवायच्या सोयीवर, स्वतः बांधलेला कर्नल (लिनक्सचा गाभा) आहे. हार्डडिस्क दिसते, पण ‘एसआर०’ (लिनक्समधलं डिस्क ड्राइव्हचं नाव) नाही. ठाण्यात ड्राइव्ह बदलून मिळेल का?

घोडबंदर: बदलू नका हो! ड्राइव्हचं सर्किट बोर्ड त्या-त्या कन्सोलशीच बांधलेलं असतं. दुसरं बसवलं की गेम चालत नाहीत. कर्नलमध्ये ‘पीएस३रॉम’ मॉड्यूल (या ड्राइव्हचा ड्रायव्हर) आहे ना? ते ड्राइव्हला स्कझी (ड्राइव्ह जोडायची एक पद्धत) म्हणून दाखवतं, त्यामुळे स्कझी सीडीरॉम सपोर्टही लागतो. बहुतेक तोच घालायचा राहतो.

ऐरोलीकर: तोच राहिला होता. आता सीडी चालते, डीव्हीडी माउंट होत नाही, म्हणजे उघडत नाही.

तलावपाळी: कर्नलमध्ये आयएसओ९६६० (सीडीची फाइल-पद्धत) सोबत यूडीएफही (डीव्हीडीची) घ्या. गेमच्या डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्टेड, त्याचा नाद सोडा. आणि एप्रिल २०१० चं ३.२१ फर्मवेअर (कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर) चुकूनही चढवू नका, अदरओएसच जाईल.