पोरगी १८ ची झाली, कॉलेज सुटलं, तर बापाची खावटी बंद होते का? मदत हवी आहे

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहून रायली, मोबाईलवर टाईप करते तर चुका समजून घ्या.

माही फारकत झालेली आहे. २०१४ मध्ये तालुक्याच्या कोर्टानं कलम १२५ खाली दोन्ही लेकरांची खावटी बांधून दिली, पोरीचे १५०० अन् पोराचे १५००. पोरीनं बारावी सायन्स केली, नर्सिंगला जायचं होतं, फी माफ होईल म्हणत होते पण होस्टेल, मेस, येणंजाणं कुठून करू, म्हणून यंदा अॅडमिशन रायली. जूनमध्ये ती १८ ची झाली अन् तवापासून बापानं तिचे पैसे बंदच केले. फोन केला तर म्हणते पोरगी सज्ञान झाली, शिक्षण सुटलं, आता तिचं तिनं पाहावं. पोर दहावीत आहे, त्याचेबी कधी ५०० टाकते कधी काहीच नाही, असे ८ महिने झाले. अन् त्याच्याकडं ६ एकर ओलिताचं आहे, सीझनभर जिनिंगात कामबी असते.

दिवाळीनंतर पोरगी माह्यासंग वेचणीला आली. पऱ्हाटीत उभी, कमरेला ओटी बांधलेली, तर त्याच्याकडच्या कोणीतरी व्हिडिओ काढला अन् मले पाठवला, पाहा कमावते पोरगी, कोर्टात दाखवतो. तिचे बोटं पाहिले तर रडू येते, बोंडाच्या टोकानं सगळे ओरबाडलेले. वेचणीचे पैसे तिनं हॉल तिकिटाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवले आहेत, पुढच्या वर्षीच्या फॉर्मसाठी, मले एक रुपया त्यातून खर्चू देत नाही. खरंच शिक्षण सुटलं म्हणून तिचा हक्क गेला का? कोणाला माहीत असेल तर सांगा, वकिलाले द्यायले पैसे नाहीत.

उत्तर:

ताई, मी यवतमाळलाच वकिली करतो. आधी पोराचं बघा, घाई त्याची आहे. तो १८ चा होईपर्यंत बापाला द्यावेच लागतात. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज, रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत टाकावा लागतो, वर्ष उलटलं की तो महिना हातचा गेला. ८ महिने झाले म्हणता, आता एक तारीखही पुढं ढकलू नका. अन् १५०० मध्ये आज काय होते, वाढीचा अर्जही सोबतच टाका. जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ च्या जागी नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, वाढीसाठी १४६.

पोरीचं वेगळं आहे. १२५ ची खावटी १८ ला थांबते, शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळं पोट भरता येत नसेल तरच पुढं चालते, इथपर्यंत तो बरोबर आहे. पण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चं कलम २० आहे ना, लग्न न झालेली पोरगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून पोट भरू शकत नसेल तर तिची जबाबदारी आईबापावरच. कॉलेज चालूच पाहिजे अशी अट त्यात कुठंच नाही. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या प्रकरणात हेच म्हटलं, १२५ खाली नाही पण कलम २० खाली मागता येते. फक्त तो दावा पोरीनं स्वतःच्या नावानं टाकायचा, अन् आधीच्या दंडाधिकाऱ्याकडं नाही, कुटुंब न्यायालय असेल तर तिथं, नाही तर दिवाणी कोर्टात. बौद्ध समाजालाही हा कायदा लागतो, आदिवासी असाल तर आपोआप लागत नाही, तसं असेल तर इथंच कळवा.

व्हिडिओला भिऊ नका अन् वेचणी लपवूही नका. किती दिवस गेली, किती रुपये मिळाले, शपथपत्रात खरं खरं लिहा, चार महिन्याच्या मजुरीनं वर्ष निघत नाही हे जजसाहेबांनाही कळते. उत्पन्नाचं शपथपत्र त्यालाही द्यावं लागेल, त्याचा सातबारा काढून ठेवा. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते, बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो वकील फुकट मिळतो. १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन लावला तरी चालते.

प्रत्युत्तर:

दादा, लय उपकार झाले. आदिवासी नाही आम्ही. पोरीले वाचून दाखवलं तर तिनंच पेटीतून २०१४ चा निकाल काढला, पण घर गळलं होतं तवा तो भिजला, शेवटचं पान वाचताच येत नाही. सोमवारी दोघी जातो तालुक्याले. नवीन नक्कल कोर्टातून मिळते ना, अन् त्याले किती दिवस लागतात?