चौकातले बेकायदा फलक: साताऱ्यात तुम्ही काय केलंत?

अनधिकृत फलकांविरुद्धची उच्च न्यायालयातली जनहित याचिका (155/2011) आपल्याच साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनची. 31 जानेवारी 2017 ला तिच्यावर निकाल लागला आणि बेकायदा फलक काढण्याची जबाबदारी राज्यभरातल्या पालिकांवर आली. ज्या गावानं हा प्रश्न कोर्टात नेला, तिथले चौक तरी मोकळे दिसायला हवेत. म्हणून विचारतेय, तुमच्या भागात काय केलंत आणि कशाचा उपयोग झाला?

आधी आमच्या गोडोलीचं सांगते. वळणावर वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स होता, बांबू थेट विजेच्या खांबाला तारेनं आवळलेले. शाळेची पोरं रस्ता ओलांडायची तेव्हा समोरून येणारी गाडी दिसायचीच नाही. तोंडी सांगून काही हललं नाही. मग पालिकेत लेखी अर्ज केला, तारीख-वेळ उमटलेला फोटो जोडला, गल्लीतल्या बायकांच्या सह्या घेतल्या आणि आवक-शिक्क्याची पोच घेतली. त्यानंतर मात्र गाडी आली आणि बांबूसकट सगळं घेऊन गेली. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

शाहूपुरीहून
मी आधी माणसालाच गाठतो. फ्लेक्सवरचा मुलगा आमच्याच आळीतला. म्हटलं, "बाळा, तुझ्या फोटोमागं रस्त्याच्या नावाची पाटी झाकली गेलीय, पाव्हणे चुकतात." तो म्हणाला, "काका, मला माहीतच नाही, पोरांनी लावला." संध्याकाळी उतरवला. सगळीकडे असं होत नाही. मंडळाच्या फलकाला हात लावू नका, भांडण ठरलेलं. तिथं अर्जच बरा.

करंजे
आमच्याकडे त्रास झाडांना. कडुलिंबावर क्लासच्या पाट्या, एकेकीला चार खिळे. सालीतून डिंक ओघळलेला पाहून फार वाईट वाटलं. आम्ही काहीजण रविवारी पक्कड घेऊन खिळे काढतो, पण पुढच्या आठवड्यात नवी पाटी. शेवटी पाटीवरच्या नंबरला फोन लावला. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा 1995 चा कायदा झाडालाही लागू आहे, तीन महिने कैद किंवा 2000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे शांतपणे सांगितलं. "पाट्या लावणारा पोरगा वेगळा आहे," असं उत्तर आलं. मी म्हटलं, "जाहिरात तुमची आहे, आणि माझी मुलगी तुमच्याच क्लासला येते." त्या क्लासची पाटी पुन्हा दिसली नाही. पालकांनी बोललं की फरक पडतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सदर बझार
माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारलं, अमुक चौकात किती फलकांना परवानगी आहे आणि मुदत कधीपर्यंत? तीस दिवसांच्या आत लेखी उत्तर आलं: एकालाही नाही. तेच उत्तर तक्रारीला जोडलं.

फ्लेक्स छपाईच्या दुकानातून
मी डिझाइन करतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. गिऱ्हाईक रात्री नऊला फोटो पाठवतं, सकाळी फ्लेक्स हवा असतो. परवानगीचं पत्र मागितलं की शेजारच्या दुकानात जातं. तरी मी कोपऱ्यात परवानगी क्रमांक आणि मुदतीची जागा मोकळी ठेवतो, म्हणजे प्रश्न तरी निघतो. आम्ही सगळे छपाईवाले एकत्र बसलो आणि पत्राशिवाय छापायचं नाही असं ठरवलं, तर निम्मे फलक लागणारच नाहीत. मी माझ्या ओळखीच्यांशी बोलायला सुरुवात केलीय.

राधिका रोड परिसर
गच्चीवरच्या लोखंडी होर्डिंगचं विसरू नका. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली, तीही वादळी पावसात. त्यानंतर आम्ही रहिवाशांनी शेजारच्या इमारतीच्या मालकाकडे सांगाडा मजबूत असल्याचा दाखला मागितला. दाखला नव्हता. वळीव सुरू व्हायच्या आत त्यांनी सांगाडा उतरवला.

धागा काढणारीकडून
छपाईवाले दादा, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. गणेशोत्सवाच्या आधी मंडळांच्या बैठका होतात, तिथं हा विषय काढायचा आहे. तुम्ही आलात तर मंडळवाले ऐकतील. करंज्याच्या ताई, तुम्ही खिळे काढलेल्या झाडांचे फोटो इथं टाका, मी ते बैठकीला घेऊन जाते.