पंख न हलवता अल्बाट्रॉस तासन्‌तास कसा उडतो?

प्रश्न: भटक्या अल्बाट्रॉस या समुद्री पक्ष्याच्या पंखांचा विस्तार साडेतीन मीटरपर्यंत भरतो असे वाचले. एवढे पंख पसरून धरण्याचे बळ त्याला कोठून मिळते?

उत्तर १: त्याच्या खांद्यात एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरीसारखी पट्टी) असते, जी पसरलेला पंख जागच्या जागी अडकवून ठेवते; त्यामुळे स्नायूंवर फारसा ताण येत नाही. शिवाय लाटांलगत वारा मंद आणि वर वेगवान असल्याने, वाऱ्याला सामोरे जात वर चढायचे आणि वळून वाऱ्यासोबत खाली झेपावायचे, या चक्रातून त्याला वेग मिळत राहतो. मात्र वारा पडला की तो पाण्यावर बसून राहतो.

उत्तर २: वरील उत्तर योग्यच आहे, पण हाच पक्षी लांब दोरीच्या मासेमारीत गळाला लावलेले आमिष गिळतो आणि दोरीसोबत बुडून मरतो, हेही सांगायला हवे. जोडी दोन वर्षांतून एकदाच, तेही एकच अंडे घालते; त्यामुळे ही हानी सहजी भरून निघत नाही. दक्षिण अटलांटिक महासागरातील दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती रात्री दोऱ्या सोडणे, त्यांना वजने बांधणे आणि उन्हाळ्यात मासेमारी बंद ठेवणे या नियमांनी तेथील असे मृत्यू जवळजवळ थांबले. खुल्या समुद्रातही हे नियम काटेकोरपणे पाळले जावेत, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कंडरेची माहिती मला पूर्णपणे नवी होती.