परत वाचली आणि वेगळीच निघाली अशी कादंबरी?

तुळशीबागवाली: आमच्या पुस्तकभिशीत (पैसे नाहीत, पुस्तक आणि खाणं) या महिन्यात 'धग' होती. उद्धव शेळक्यांची, 1960 ची. बी.ए.ला मी ती गाईडवरच निभावली होती. पुण्यात वाढल्यामुळे वऱ्हाडी बोली पानोपानी अडायची. या वेळी आमच्यातल्या अकोलेकरणीनं पहिली काही पानं मोठ्यानं वाचली आणि गाठ सुटल्यासारखं झालं. पुढचं घरी रात्री एकटीनं वाचलं. कौतिकचा नवरा शिंपी, पण संसार ओढते तीच. मला आमच्या आईचं मशीन ऐकू यायला लागलं. ब्लाउजना हुक लावायचं काम आम्हा बहिणींकडे, डझनावर पैसे. बोटं दुखायची. परीक्षेत मी कौतिकला 'सोशिक' लिहून आले होते. सोशिक कसली, झुंजत होती बाई!
तुमचं असं झालंय का कुठल्या पुस्तकाबाबत? लिहा.

उदाहरणार्थ_मी: नेमाड्यांची कोसला. होस्टेलवर आम्ही सगळेच तिचा नायक, पांडुरंग सांगवीकर. मेसच्या वहीत हिशोबाखाली त्याचं 'वगैरे' लिहायचो. नंतर पोरगी तापानं ॲडमिट होती तेव्हा सोबत नेली. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीला, मनीला देवी येतात तिथवर आलो आणि मिटून उशीखाली सारली. ती पानं अजून परत वाचली नाहीत. पोरगी ठणठणीत आहे, यंदा दहावी. तिनं मात्र पूर्ण वाचली. म्हणते, बाबा, हा पांडुरंग कुरकुर फार करतो.

नवीनच_आलेय: भिशीत खायला काय होतं?

तुळशीबागवाली: गोळाभात! खरं सांगू, पुस्तकापेक्षा त्यावरच जास्त बोललो.

सीताबर्डी: वरून फोडणीचं तेल कडकडीत हवं. कोमट असेल तर त्याला गोळाभात म्हणू नका. बाकी चालू द्या.

पाण्याखालचं_गाव: आजोळ कोयनेच्या धरणात गेलं. आजी 'आपलं गाव' म्हणायची तेव्हा नेमकं कुठलं ते तिच्या तोंडाकडं बघून ओळखायचं. विश्वास पाटलांची झाडाझडती कॉलेजात बक्षीस मिळालेली, जाड म्हणून माळ्यावर टाकली. पुढं प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी खेटे सुरू झाले तेव्हा पिशवीत घातली. साहेब जेवायला गेले की बाहेरच्या बाकावर वीस पानं व्हायची. धरणानं उठवलेल्या माणसांची कादंबरी आणि मी तिथं बसून वाचतोय. शेजारचे आजोबा म्हणाले, जरा मोठ्यानं वाच की. मग रोज वाचायचो. कादंबरी संपली. दाखला अजून नाही.

तुळशीबागवाली: काय बोलू. आजोबा भेटतात का अजून?

पाण्याखालचं_गाव: त्यांचं काम झालं. निदान त्यांचं तरी.

कुकरवर_आहे: घाईत लिहितेय. बेडेकरांची रणांगण. 1939 ची, चिमुकली, म्हणून आमच्या गटात सगळ्यांनी खरंच वाचून आणलेली ती एकच. एकीनं 'बोटीवरचं प्रेम' म्हणून सुचवलेली. जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू आहेत त्या बोटीवर, त्याचं काही नाही! नायकाचा, चक्रधरचा विशीत राग आला होता, पन्नाशीतही तेवढाच आला. म्हणजे माझं उत्तर धाग्यात बसत नाही. चौथी शिट्टी, पळते.

सीताबर्डी: डाळ लागली असेल.

तुळशीबागवाली: 😂 पुढच्या महिन्यात बनगरवाडी ठरलीय. माणदेशातलं खायला काय करू? सोपं सांगा.

पाण्याखालचं_गाव: हुलग्याचं माडगं. लेखक माडगूळकर, आणखी काय पाहिजे.